ओसरत्या हंगामातील पाहुणे : स्पेनचे सामाजिक पर्यटन



पर्यटन म्हटले की चर्चा होते ती परकीय चलनाची, विमानतळांची आणि आलिशान हॉटेलांची. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने हिंडावे आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याने हिंडणाऱ्याचे सामान उचलावे, अशीच जणू या व्यवसायाची रीत होऊन बसली आहे. या रीतीला छेद देणारा एक विचार युरोपात दीर्घकाळ रुजत आला. त्याचे नाव सामाजिक पर्यटन.

या विचाराचे मूळ १९३६ सालात सापडते. त्या वर्षी फ्रान्समध्ये लिऑं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा भरपगारी रजेसंबंधीचा करारही त्याच वर्षीचा. परंतु रजा मिळाली म्हणून प्रवास घडतोच असे नाही. ही उणीव ओळखून १९६३ साली ब्रुसेल्स येथे सामाजिक पर्यटनाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे बेल्जियमचे आर्थर ओलो हे नाझींच्या दाखाऊ छळछावणीतून जिवंत परतलेले गृहस्थ होते, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे.

या विचाराला अर्थकारणाची भक्कम जोड दिली ती स्पेनने. बेनिडॉर्म, मायोर्का यांसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळा आला की अनेक हॉटेलांना कुलपे लागतात. आचारी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया घरी बसतात आणि त्यांच्या बेकारभत्त्याचा भार सरकारी तिजोरीवर पडतो. दुसरीकडे, आयुष्यभर राबलेले निवृत्त वृद्ध एकाकीपणे घरात दिवस मोजत असतात. १९८५ साली स्पेन सरकारने या दोन दुःखांची सांगड घातली. ‘इमसेर्सो’ या शासकीय संस्थेमार्फत वृद्धांच्या सहली सुरू झाल्या, त्याही ऑक्टोबर ते जून या काळात. प्रवास, निवास आणि भोजन यांच्या खर्चाचा मोठा वाटा वृद्ध स्वतः उचलतात, उरलेला सरकार देते. काही हजार जागांपासून निघालेली ही योजना आता एका हंगामात नऊ लाखांच्या घरात जागा देते.

यात सरकारचे नुकसान होत नाही काय? हॉटेल उघडे राहिले की कामगाराचा बेकारभत्ता वाचतो, सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरला जातो, विक्रीवर कर मिळतो. गुंतवलेल्या प्रत्येक युरोमागे सुमारे दीड युरो परत येतो, असा हिशेब या योजनेचे समर्थक मांडतात. शिवाय नवी इमारत न बांधता, किनाऱ्याचा आणखी एक तुकडा न गिळता, आहे त्याच खोल्यांमधून रोजगार वाढतो. शाश्वत विकास तो याहून वेगळा काय असतो? याच देशात २०२४ साली सुमारे ९ कोटी ४० लाख परदेशी पर्यटक आले आणि त्याच वर्षी कॅनरी बेटांवर व मायोर्कात स्थानिक जनता पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध रस्त्यावर उतरली. घरभाडी परवडेनाशी झाली, हे त्यांचे मुख्य दुखणे. निव्वळ गर्दी वाढवणे म्हणजे विकास नव्हे, याचा याहून बोलका पुरावा नको.

अर्थात ही योजना निर्दोष नाही. सरकारकडून मिळणाऱ्या दरात खर्चही भागत नाही, अशी हॉटेलचालकांची तक्रार आहे. आपला वाटा भरणे ज्यांना जड जाते ते मागेच राहतात, हा आक्षेपही रास्त होता. म्हणून २०२५-२६ च्या हंगामात अल्प निवृत्तिवेतन असणाऱ्यांसाठी ५० युरोंच्या ठरावीक दराच्या काही हजार जागा राखण्यात आल्या.

यात्रेकरूची सोय करणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या भूमीला हा विचार परका नाही. पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा त्याची साक्ष देतात. मध्य प्रदेशाने २०१२ साली आणि महाराष्ट्राने २०२४ साली ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. महाराष्ट्राच्या योजनेत प्रतिव्यक्ती कमाल ३० हजार रुपयांची तरतूद आहे. हेतू उत्तमच, परंतु स्पेनपासून शिकण्याजोगी गोष्ट वेळापत्रकाची आहे. आधीच ओसंडणाऱ्या तीर्थक्षेत्री ऐन गर्दीत आणखी गाड्या नेल्या, तर ज्येष्ठांचे हाल होतील आणि पाण्यावर व स्वच्छतेवर ताण पडेल. तोच यात्रेकरू ओसरत्या हंगामात गेला, स्थानिक घरगुती निवासात उतरला, तिथल्या बचत गटाच्या हातचे जेवला, तर त्याला निवांत दर्शन घडेल आणि गावाची रिकामी राहणारी चूल पेटेल. दानाला नियोजनाची जोड मिळाली की तेच दान अर्थनीती ठरते.