युद्धविमानांची लिव्हरी : सिम्युलेटरच्या पडद्यावरचे रंगकाम

फ्लाइट सिम्युलेटरच्या जगात विमानाच्या अंगावरच्या सगळ्या रंगकामाला मिळून लिव्हरी म्हणतात. कॅमोफ्लाजचे पट्टे, राष्ट्रचिन्ह, स्क्वाड्रनची अक्षरे, अनुक्रमांक, इतकेच नव्हे तर धुराची काजळी आणि उडालेला रंगही तिच्यात येतो. ऐतिहासिक लिव्हरी नुसत्या 'स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानाची कधीच नसते. ती एका ठरावीक स्पिटफायरची आणि ठरावीक महिन्यातली असते. विमान आणि तारीख पक्की होईपर्यंत ब्रश हाती धरू नये, कारण पुढचे सगळे निर्णय या दोन गोष्टींवरच ठरतात.

ब्रिटिश वैमानिक जॉनी जॉन्सन यांचे उदाहरण घ्यावे. ब्रिटिश हवाई दलात विंग लीडरला विमानावर स्वतःची आद्याक्षरे लावण्याची मुभा होती, म्हणून त्यांच्या विमानावर 'जेई-जे' ही अक्षरे असत. १९४३ साली केन्ली तळावर त्यांचे मार्क ९ स्पिटफायर ईएन ३९८ होते, तर १९४४ साली नॉर्मंडीवरच्या आक्रमणाच्या वेळी एमके ३९२. अक्षरे तीच, विमानाचा प्रकारही तोच. पण दोस्त राष्ट्रांच्या त्या आक्रमणासाठी रंगवलेले काळे-पांढरे पट्टे ईएन ३९८वर काढले, तर ती लिव्हरी साफ चुकली.

हे पट्टे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, तीन पांढरे आणि दोन काळे. गुप्तता राखण्यासाठी ते ६ जून १९४४च्या आक्रमणाच्या अगदी तोंडावर, घाईघाईत, बऱ्याच ठिकाणी हाताने ब्रश मारून रंगवले गेले. कडा वाकड्या आल्या, पांढऱ्यातून खालचा रंग डोकावत राहिला. संगणकावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ सहज निघते आणि तिथेच चित्र खोटे पडते. पुढच्या काही महिन्यांत हे पट्टे आधी वरच्या बाजूने पुसले गेले आणि मग उरलेलेही गेले. म्हणजे जूनमधले विमान आणि ऑक्टोबरमधले तेच विमान यांच्यासाठी दोन लिव्हऱ्या लागतात.

मूळ रंगांचेही तसेच. १९४०च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधली स्पिटफायर वरून मातकट तपकिरी आणि गडद हिरवी होती. हिरवा-करडा कॅमोफ्लाज ऑगस्ट १९४१मध्ये आला. आग्नेय आशियात जपानी विमानांवरच्या लाल गोलाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश वर्तुळचिन्हातला लाल रंगच काढून टाकला गेला आणि गडद निळ्यात फिकट निळा असे चिन्ह रूढ झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांवरही हेच चिन्ह होते. त्यावर लाल ठिपका दिसला की लिव्हरी करणाऱ्याने युरोपातल्या विमानाची नक्कल केली हे उघड होते.

पुरावा बहुतेक वेळा कृष्णधवल छायाचित्रांचा असतो आणि ती फसवतात. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लाल जवळजवळ काळा उमटे, पिवळा गडद आणि निळा फिकट. वर्तुळचिन्हाच्या बाहेरचे पिवळे कडे अशा छायाचित्रात काळपट दिसते आणि नवखा माणूस ते नाहीच असे समजतो. म्हणून छायाचित्रातला लाल आणि निळा रंग आधी एकमेकांशी ताडून पाहावेत. त्यावरून फिल्म कोणती ते कळते, मग उरलेल्या छटांचा अर्थ लावावा. आज उडणाऱ्या जुन्या विमानांची रंगीत छायाचित्रे देखणी असली तरी पुरावा म्हणून कच्ची आहेत. ही विमाने दर काही वर्षांनी वेगवेगळ्या वैमानिकांच्या स्मरणार्थ नव्याने रंगवली जातात.

प्रत्यक्ष काम टेम्प्लेटवर चालते. शिंप्याने बेतलेल्या कापडासारखे विमानाचे सगळे पृष्ठभाग एका सपाट चौकोनी चित्रात सुटे मांडलेले असतात. पंखावरून धडावर जाणारा कॅमोफ्लाजचा पट्टा या चित्रात दोन टोकांना असू शकतो. जोडावर तो जुळला की नाही हे विमान सिम्युलेटरमध्ये फिरवूनच कळते. काही मॉडेलांत डाव्या-उजव्या बाजूंना एकच चित्र वापरलेले असते. तिथे अक्षरे एका बाजूला उलटी उमटतात आणि त्यावर चांगला इलाज नसतो. पत्र्याचे जोड, रिव्हेट, चिन्हे आणि झीज निरनिराळ्या लेयरवर ठेवावीत, म्हणजे एक दुरुस्ती करताना बाकीचे बिघडत नाही.

हल्लीच्या सिम्युलेटरांत ऊन-सावली सॉफ्टवेअर स्वतः पाडते. त्यामुळे रंगाच्या चित्रात सावली रंगवली तर ती दुपारी बारालाही हटत नाही. रंग किती खरखरीत आणि कुठे धातू उघडा, हे वेगळ्या चित्रात सांगावे लागते. युद्धकाळातला मॅट रंग चकाकू लागला की विमान खेळण्यातले वाटते, मग छटा कितीही अचूक असो.

झिजेला कारण हवे. स्पिटफायरच्या कॉकपिटचे दार डावीकडे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग जास्त उडतो. एक्झॉस्टचे डाग हवेच्या प्रवाहाबरोबर मागे जातात. आघाडीवरची पुष्कळ विमाने फार काळ टिकत नसत, त्यामुळे सगळीकडे गंज आणि ओरखडे दाखवणे ही हौस झाली, इतिहास नव्हे.

सर्वांत अवघड पेच मॉडेलच्या प्रकाराचा. १९७१च्या युद्धात भारतीय हवाई दलाची मिग-२१ विमाने एफएल प्रकारची होती. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणाऱ्यांत मिग-२१ होती. चंदेरी विमानांवर युद्धाच्या सुमारास घाईने चढवलेला त्यांचा कॅमोफ्लाज विमानागणिक वेगळा दिसतो, म्हणून लिव्हरी करणाऱ्यांना त्याची मोठी ओढ असते. पण डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये मिळते ते मिग-२१ बिस. दोन्ही प्रकार नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाले, तरी बिसची पाठ जाड आहे आणि तोफ अंगात बसवलेली आहे. एफएलला ती पोटाखालच्या पॉडमध्ये लटकवावी लागे. एफएलचा रंग बिसवर चढवला तर रंग खरा आणि विमान खोटे होते. तरीही अशी लिव्हरी करण्यात गैर नाही, कारण दुसरे मॉडेल नसते. मात्र सोबतच्या माहितीपत्रात मूळ विमानाचा प्रकार, अनुक्रमांक, तारीख, पुरावा म्हणून घेतलेली छायाचित्रे आणि अंदाजाने भरलेले भाग यांची स्पष्ट नोंद करावी.