फोन सीटच्या फटीत पडला तर…

 

हल्ली बऱ्याच विमानांत सुरक्षेच्या सूचनांमध्ये एक वाक्य असतं, आणि आपण ते हमखास ऐकत नाही. तुमचा फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, आम्हाला बोलवा. कारण साधं आहे. सीट मागेपुढे केली की तिच्या खालच्या यंत्रणेत फोन चेपला जाऊ शकतो. फोनमध्ये लिथियमची बॅटरी असते, आणि ती चेपली की पेट घेऊ शकते.

आता विचार करा, वस्तू फटीत आणि सीट पुढे, हाच प्रकार कॉकपिटमध्ये झाला तर? झालाय.

९ फेब्रुवारी २०१४. ब्रिटिश हवाई दलाचं व्हॉयेजर विमान, म्हणजे एअरबस ए३३०चंच लष्करी रूप, इंग्लंडहून अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियनकडे चाललं होतं. आत १९८ माणसं. उंची ३३ हजार फूट, खाली काळा समुद्र, विमान ऑटोपायलटवर. सहवैमानिक जरा बाहेर गेलेला. कॅप्टन एकटाच, सोबत त्याचा डीएसएलआर कॅमेरा. फोटो काढून झाल्यावर त्याने तो बाजूला ठेवला. कुठे? डाव्या हाताची आर्मरेस्ट आणि साइडस्टिक यांच्या मधे. साइडस्टिक म्हणजे गेमिंगच्या जॉयस्टिकसारखा छोटा दांडा, त्याच्यावरच विमान चालतं.

मग त्याने बटण दाबून सीट पुढे घेतली. सीटबरोबर आर्मरेस्ट पुढे, आर्मरेस्टने ढकलला कॅमेरा, कॅमेऱ्याने ढकलली साइडस्टिक. ऑटोपायलट सुटला आणि विमानाने नाक खाली घातलं. २७ सेकंदांत ४,४०० फूट! मागे ज्यांनी पट्टे बांधले नव्हते ते छतावर जाऊन आदळले. कॅप्टन साइडस्टिक मागे ओढतोय, पण ती हलेना. शेवटी विमानाच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणेनेच डाइव्ह रोखायला सुरुवात केली, आणि विमान तुर्कस्तानात सुखरूप उतरलं. बरेच जण जखमी झाले, जीव मात्र कुणाचा गेला नाही.

सुरुवातीला संशय आला ऑटोपायलटवर. त्या प्रकारच्या विमानांची उड्डाणं काही दिवस थांबवलीसुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. नंतर कॅमेऱ्यावरच्या दाबाच्या खुणा आणि रेकॉर्डरमधली सीटच्या हालचालीची नोंद जुळली, तेव्हा खरं काय ते कळलं.

ही झाली डोळ्यांसमोर ठेवलेल्या वस्तूची गोष्ट. दुसरी आहे आत विसरलेल्या वस्तूची.

डिसेंबर २०२३. क्वांटास कंपनीचं ए३८०, म्हणजे ते दुमजली महाकाय विमान, लॉस एंजेलिसला दुरुस्तीसाठी उभं होतं. इंजिन आतून तपासायचं तर ते हाताने फिरवावं लागतं. त्यासाठी नायलॉनचं एक हत्यार वापरतात, जवळजवळ सव्वा मीटर लांब. काम संपलं आणि हत्यार इंजिनातच राहिलं. विमान उडालं. एकदा नाही, ३४ वेळा! २९४ तास ते हत्यार इंजिनात होतं. १ जानेवारी २०२४ला पुढच्या तपासणीत सापडलं, तेव्हा ते वेडंवाकडं झालेलं होतं.

तुम्ही म्हणाल, माणूस आहे, विसरतो. बरोबर! आणि माणूस विसरतो हे विमानक्षेत्रात गृहीतच धरलेलं असतं. म्हणून प्रत्येक हत्याराची मोजणी होते. पेटीत प्रत्येकाच्या आकाराचा खाचा असतो, एक जरी रिकामा राहिला तरी लगेच दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की हत्यार परत आलेलं नाही हे विमान सोडायच्या आधी लक्षात आलं होतं. हरवलेलं हत्यार शोधायची ठरलेली पद्धतही होती. ती सुरूच केली नाही. विमान सोडून दिलं.

म्हणजे बघा, वस्तू राहिली हा अर्धाच धोका. राहिली हे माहीत असून कुणी ‘थांबा’ म्हणालं नाही, हा उरलेला.

आणि कधीकधी कुणाला माहीतच नसतं. २ ऑक्टोबर १९९६, पेरू देशातलं लिमा. एरोपेरूचं बोइंग ७५७ धुऊन पुसून तयार केलं होतं. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, स्टॅटिक पोर्ट्स. बाहेरच्या हवेचा दाब तिथून मोजला जातो, आणि त्यावरून वैमानिकाला उंची आणि वेग कळतो. धुताना पाणी जाऊ नये म्हणून त्यांच्यावर टेप लावली होती. ती काढायची राहिली. चंदेरी पत्र्यावर चंदेरी टेप, आणि वेळ मध्यरात्रीची. तपासणाऱ्यांना दिसली नाही, वैमानिकालाही नाही.

उड्डाण होताच आकडे वेड्यासारखे वागू लागले. एक अलार्म सांगतोय वेग फार झाला, दुसरा सांगतोय फार कमी झाला. खाली समुद्र, वर अंधार. वैमानिकांनी कंट्रोल टॉवरला विचारलं, आमची उंची सांगा. त्यांनी सांगितली, ९,७०० फूट. पण टॉवरच्या पडद्यावर दिसणारा तो आकडा विमानाकडूनच आलेला होता, त्याच चुकीच्या यंत्राकडून! विमान प्रत्यक्षात पाण्याला टेकायला आलं होतं. त्यातली ७०ही माणसं गेली.

आपल्याकडे लाल फीत म्हटलं की सरकारी दिरंगाई आठवते. विमानतळावर मात्र लाल फीत जीव वाचवते. उभ्या विमानाला लोंबणाऱ्या त्या लाल पट्ट्या पाहिल्यात? ‘उड्डाणाआधी काढा’ असं लिहिलेल्या? त्या भडक असतात, लांब असतात, वाऱ्यावर फडफडतात, कारण झाकण नजरेत भरलंच पाहिजे.

आता तिसरा प्रकार, गळून पडलेली वस्तू. २५ जुलै २०००, पॅरिस. एका डीसी-१० विमानाचा जेमतेम हातभर लांबीचा पट्टीसारखा तुकडा धावपट्टीवर पडला. पाच मिनिटांनी त्याच धावपट्टीवरून कॉनकॉर्ड निघालं. त्या तुकड्याने टायर फाटला, टायरचा मोठा तुकडा पंखाखाली आदळला, इंधनाची टाकी फुटली, आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४, मिळून ११३ जण गेले. ज्यांनी जीव गमावला, त्यांनी तो तुकडा पाहिलाही नव्हता.

म्हणूनच विमानवाहू जहाजांवर नौसैनिक रांगेने डेकवरून चालतात. मान खाली घालून खिळा, वायर, नट, जे दिसेल ते उचलत. त्याला ‘फॉड वॉक’ म्हणतात. या कामात अधिकारीही वाकतात. एखाद्याने स्वतःहून येऊन सांगितलं, ‘साहेब, माझा पाना सापडत नाही’, तर उड्डाणं थांबतात. मला वाटतं, त्याच्यावर ओरडायचं की त्याला शाबासकी द्यायची, यावर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडेल की नाही ते ठरतं.

तेव्हा विमानात फोन फटीत गेला, तर लाजू नका, स्वतः हात घालू नका, सीट तर अजिबात हलवू नका. बटण दाबा आणि सांगा. चार लोक बघतील, बघू देत.