एकमत आणि बहुमत



पृथ्वी तापत आहे आणि ती माणसाच्या करणीने तापत आहे, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत आहे, असे म्हटले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. "सत्य काय हात वर करून ठरते? गॅलिलिओ एकटाच होता ना?" प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देणे बरे नव्हे.

गॅलिलिओ खरा ठरला तो एकटा होता म्हणून नव्हे. त्याने सांगितलेले दुर्बिणीतून कोणालाही पडताळता येत होते म्हणून. एकटेपणा हाच पुरावा मानला, तर गावोगावचा प्रत्येक हट्टी मनुष्य गॅलिलिओ ठरेल! शिवाय, या वादात एकटा कोण होता तेही पाहा. १९३८ साली गाय कॅलेंडर नावाच्या एका इंग्रज एंजिनियराने लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. हा गृहस्थ वाफेच्या यंत्रांचा जाणकार. हवामानशास्त्र हा त्याचा पेशा नव्हता. १४७ ठिकाणच्या तापमानाच्या नोंदी जमवून तो म्हणाला, कोळसा जाळल्याने हवेतील कार्बन डायॉक्साइड वाढत आहे, आणि त्याने पृथ्वी तापत आहे. जमलेल्या तज्ज्ञांनी शंका काढल्या. आजचे एकमत ते त्या दिवशी एकट्याचे मत होते.

मग ते एकमत झाले कसे? शंका एकेक करून तपासल्या गेल्या. समुद्र हा वायू शोषून घेईल, ही एक शंका. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. सूर्यच अधिक तापला असेल, ही दुसरी शंका. तसे असते तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापला आणि वरचा थंडावला. नोंदीच सदोष असतील, ही तिसरी. कॅलिफोर्नियातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रिचर्ड मुलर यांनाही तो संशय होता. त्यांनी सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ साली आपले मत बदलल्याचे उघडपणे सांगितले.

चुका झाल्याच नाहीत काय? झाल्या. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २००७ च्या अहवालात छापले गेले. हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच ते खोडून काढले, आणि २०१० साली मंडळाने चूक कबूल केली. साल चुकले होते. हिमनद्या आटत आहेत हे काही खोटे ठरले नाही.

तेव्हा वाद संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. कोळसा किती वर्षांत सोडायचा, त्याचा भार श्रीमंत देशांनी किती उचलायचा आणि गरिबांनी किती, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगणार नाही. तेथे मात्र हात वर करूनच निर्णय होतो, आणि ते हात तुमचे-माझे आहेत. अंगात ताप आहे की नाही यावरच घरात तंटा चालू राहिला, तर औषधाचा विचार करायचा कोणी आणि केव्हा?