विझलेली संवय पुनः कां जागते?

ओझर हें मुंबई-आग्रा रस्त्यावरील, निफाड तालुक्यांतील गांव. १९६४ सालापासूनच्या विमान-कारखान्यामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण आज मी आपणांस तेथील एखाद्या शेताच्या बांधावर नेणार आहें. समजा, कणसें भरलीं आहेत. माळ्यावरील राखणदार आरोळी देतो आणि लगेच गोफणीचा धोंडा सोडतो. थोड्याच दिवसांत नुसत्या आरोळीनेंहि पांखरें उडूं लागतात. पुढें त्यानें धोंडा मारणें सोडलें व तो केवळ ओरडत राहिला, तर पांखरें हळूहळू निर्धास्त होतील. आपण म्हणूं, भीति गेली. पण दुसऱ्या दिवशीं पहिली आरोळी उठतांच तींच पांखरें पुनः भुर्रकन उडालीं, तर नवल मानूं नये.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत हेंच आढळलें. अन्नाची खूण ठरलेल्या संकेतामागून अन्न देणें बंद केलें, कीं लाळ सुटणें थांबे. यास विलोपन म्हणतात. परंतु मध्यें कांहीं काळ विसाव्याचा गेला, कीं तोच संकेत पुनः लाळ आणी. ही उत्स्फूर्त पुनःप्राप्ति. तात्पर्य, जुनी शिकवण पुसली जात नाहीं. तिच्यावर दुसरी शिकवण बसते, इतकेंच. बाउटन आणि बोल्स यांनीं १९७९ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें, कीं ही दुसरी शिकवण स्थळाशीं बांधलेली असते. एका पिंजऱ्यांत मावळलेली भीति मूळच्या पिंजऱ्यांत परत उठते.

आतां आपल्या घराकडे वळूं. एखाद्याचा भाऊ रुग्णालयांत राहून दारू सोडून येतो. तेथें त्यास तिची आठवणहि होत नसे. घरीं येतो, दिवेलागण होते, ओळखीची हांक ऐकूं येते आणि जीव कासावीस होतो. घरचीं माणसें म्हणतात, ‘सारें ढोंग होतें!’ हा निवाडा अन्यायाचा आहे. ओढ परतली म्हणून निश्चय खोटा ठरत नाहीं. रुग्णालयांत मिळालेली शिकवण त्यास घरच्या दिवेलागणीला, त्याच हांकेसमोर, नव्यानें गिरवावी लागते. आणि तेव्हां सोबतीला कोणी असावें लागतें. मात्र एक पथ्य कडक पाळावें. आरोळीमागून एकदां जरी धोंडा सुटला, तरी जुनी भीति झपाट्यानें परतते. एका प्याल्याचेंहि तसेंच आहे.

म्हणून, श्रोतेहो, परतलेली ओढ पाहून त्या माणसावर रागावूं नका; त्या संध्याकाळीं त्याच्याजवळ बसा.