थंडीतले पाहुणे आणि आपले पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. जिने सातवीला शाळा सोडली आणि पुढे पुस्तकापेक्षा उलथनेच अधिक धरले, तिने चार बायकांसमोर उभे राहून काय सांगावे? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पाचजणी दोन वर्षे थंडीत येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करता आहात, त्याचेच सांगा." तेव्हा त्याचेच सांगते. शिवाय एका गोष्टीचा निर्णय आपल्याला सर्वांनी मिळून करायचा आहे. ती मी शेवटी मांडणार आहे. तोवर कोणी उठू नये.

आपल्या भागाला वाटसरू नवे नाहीत. नाणेघाटातून कोकणातला माल वर येई तो जुन्नरच्या पेठेतच. घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात तो, आपण सहलीला गेलो तेव्हा पुष्कळजणींनी पाहिला आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात गाई, घोडे, हत्ती, नाणी काय काय दान दिले याची त्यात यादी आहे म्हणे. त्या यज्ञांना जमलेल्या माणसांसाठी चुलीपुढे कोण बसले होते ते मात्र कोणी कोरून ठेवले नाही! असो.

पूर्वी लेण्याद्रीला, ओझरला पायी जाणारा माणूस दारात आला तर त्याला भाकरी-कालवण देत, आणि त्याचे कोणी मोल घेत नसे. आता माणसे मोटारीतून येतात. २०१८ साली सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपला शिवनेरी आहे. माणसे येणारच. ती काय खाणार आणि कोणाच्या हातचे खाणार, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या घरात पहिला वाद पैशावरून झाला. सासूबाई म्हणाल्या, "अन्न विकायचं म्हटलं, की मग पानावर आग्रह कुणी करायचा गं?" मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, "तुम्हीच करा." आणि खरोखरीच पहिल्या पंगतीला त्या पदर खोचून आग्रह करायला उभ्या राहिल्या. मुंबईच्या बायका "नको, नको" म्हणत होत्या आणि सासूबाई भाकरी वाढीत होत्या. नंतर ताटे उचलली तर अर्ध्या अर्ध्या भाकऱ्या तशाच. त्या सगळ्या गोळा करून गाईपुढे टाकताना सासूबाई काही बोलल्या नाहीत. आता त्या भाकरीचा आग्रह करीत नाहीत, ठेच्याचा करतात.

आपला हिवाळा म्हणजे खाण्याचा काळ. चातुर्मासात वांगी-कांदा वर्ज्य करणाऱ्यांचा नेम चंपाषष्ठीला सुटतो. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. धामणखेलला दर्शनाला आलेली माणसे परतताना जेवायला थांबतात, त्यांना चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी याखेरीज काही नको असते. त्यात आपले कष्टही कमी. मग पौषात हुरडा, भोगीची तीळ लावलेली भाकरी आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगे, बोरे घालून केलेली मिसळीची भाजी. माघी चतुर्थीला ओझरला आणि लेण्याद्रीला गर्दी. फेब्रुवारीत द्राक्षे, आणि १९ तारखेला शिवजयंती. महिन्याच्या शेवटी विज्ञान दिन येतो, तेव्हा खोडदच्या दुर्बिणी पाहायला शाळांची मुले येतात. त्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्या आहेत. मुलांना मात्र तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी डाळ-भात वेगळा ठेवावा. भीमाशंकरला जाणारे मंचर-घोडेगावावरून वर जातात. तो रस्ता आपल्या आंबेगावच्या बहिणींचा, त्यांचा अनुभव त्यांनी सांगावा.

चतुर्थीविषयी एक आठवण देऊन ठेवते. त्या दिवशी गणपतीला आलेल्यांपैकी पुष्कळांना उपास असतो. पहिल्या वर्षी मी हे विसरले आणि पातेलेभर रस्सा करून बसले. पाहुणे म्हणाले, "आम्हाला साबुदाणा मिळेल का?" तेव्हापासून पाने सांगायला फोन आला की मी आधी तिथी पाहते आणि मग तारीख.

हुरड्याचे खरे बोलायचे तर आपल्याकडे ज्वारी राहिली आहे कुठे? टोमॅटो, कांदा, ऊस आणि द्राक्षे यांनी रान भरले. आमच्या शेजारी एकांनी हौसेने अर्धा एकर ज्वारी ठेवली आहे, त्यांच्याकडून कणसे घेते. ती संपली की पूर्वेकडच्या गावांतून आणावी लागतात, आणि तसे मी पाहुण्यांना सांगून टाकते. एकीने मला सुचवले, "कशाला सांगायचे? त्यांना काय कळते?" मला ते पटले नाही. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजून गरमागरम हातावर चोळले, वर शेंगदाण्याची चटणी नि गूळ ठेवला, की कोणत्या गावची ज्वारी हे कोणी विचारीत नाही. पण विचारले तर खोटे बोलू नये.

आता मासवडी. आळेफाट्याच्या हॉटेलांनी तिचे नाव लांबवर नेले, पण ती आपल्या घरातली. नवीन मुलींना जमत नाही अशी तक्रार असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी सारण करून ठेवावे. तीळ आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजावे, खसखस परतावी, कांदा उभा चिरून तेलावर असा तळावा की हातात चुरला पाहिजे. ओला राहिला तर वडी फुटते, निम्मे बिघाड इथेच होतात. लसूण, कोथिंबीर, काळा मसाला, मीठ घालून जाडसर कुटावे, पीठ करू नये. मग लसूण-मिरचीची फोडणी करून त्यात पाणी, हळद, मीठ घालावे. उकळी आली की एका हाताने बेसन सोडीत दुसऱ्या हाताने घोटावे. गुठळी होऊ द्यायची नाही. झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या, पीठ कडेने सुटून गोळा झाला पाहिजे. ओल्या फडक्यावर तो गरम असतानाच थापायचा. हात भाजतो, इलाज नाही, गार पाण्यात बुडवीत थापावे. वर सारण पसरून फडक्याच्या दोन्ही कडा उचलून मिटवावे आणि वरून चिमटीने दाबून माशाच्या पाठीसारखा कणा काढावा. थंड झाल्यावर कापावे. घाई करून गरम कापली की सारण बाहेर आलेच. रस्सा निराळ्या वाटीत द्यावा आणि वडी खाणाऱ्याने आपल्या हाताने बुडवावी. आधीच बुडवून वाढली तर ती पिठले होते.

नावावरून मोठी मौज झाली. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो मागच्या जानेवारीत आपल्या कचेरीत आलेल्या दोघा जपानी पाहुण्यांना लेण्याद्रीची बौद्ध लेणी दाखवायला घेऊन आला. जवळजवळ तीनशे पायऱ्या चढून उतरले आणि आमच्या ओट्यावर जेवायला बसले. मुलाने त्यांना सांगितले, हिच्या नावात मासा आहे. ते दोघे वडी उलगडून मासा शोधू लागले! सगळा बेसनाचा खेळ आहे हे समजावून दिल्यावर इतके हसले की सासूबाईंनी विचारले, "काय झालं, तिखट लागलं का?" दोघांनीही ताटात कण ठेवला नाही. बाजरीची भाकरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

ते साप्पोरो नावाच्या मोठ्या शहरातले. तिथे थंडीत सगळीकडे बर्फच बर्फ. त्यांनी सांगितले ते मुलाने आम्हाला मराठीतून सांगितले: १९५० साली तिथल्या शाळेतल्या मुलांनी गावातल्या बागेत बर्फाच्या सहा मूर्ती केल्या आणि त्यातून दर फेब्रुवारीत जत्राच भरू लागली. आता देशोदेशीची माणसे मुद्दाम भर थंडीत तिथे जातात. गारठून आलेल्या माणसाला सोयाबीन आंबवून केलेल्या मिसो नावाच्या मसाल्याच्या कढणात शेवया घालून वाडगाभर देतात. त्यालाच त्या शहराचे नाव झाले आहे. मला त्यातले एक फार लक्षात राहिले. तिथे बर्फामुळे काम अडते म्हणून कोणी रडत बसले नाही, बर्फच पाहुण्याला दाखवला. आपल्याकडे पहाटेचा गारठा आणि चूल आहे. मुंबईच्या माणसाला तेवढीही अपूर्वाई वाटते. चुलीपुढे बसू द्या म्हणून बायका हट्ट धरतात आणि धुराने डोळे चोळीत उठतात.

आता हिशोब. साध्या दिवशी तीस पाने झाली, एका पानाचे अडीचशे धरले, तर साडेसात हजार येतात. किराणा, तेल, सरपण, दळण मिळून एकतीसशेच्या आसपास जातात. राहिलेल्या चव्वेचाळीसशेचे पाच भाग केले तर एकीला आठशे ऐंशी पडतात. आठवड्यातून असे एकदा-दोनदाच, आणि तेही चार महिने. कोणी माडी बांधणार नाही. पण आमच्यातल्या एकीने आपल्या मुलीचे वसतिगृहाचे पैसे यातून भरले, आणि ते भरताना तिने कोणाला विचारले नाही.

आता जे बोलायचे ते बोलते. गेल्या वर्षी एका सहल काढणाऱ्या मंडळींनी साठ पाने सांगितली, रात्री सात वाजता. एका बाईच्या हातून तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या होतात. दोघीजणी चार वाजल्यापासून परातीला बसल्या. सात वाजले, आठ वाजले. नऊला गाडी आली, आणि उतरली बावीस माणसे. बाकीचे वाटेत जेवून परस्पर गेले होते. पैसे बावीस पानांचेच मिळाले, साडेपाच हजार. आमचे साहित्यच बासष्टशेचे होते. सातशे रुपये पदरचे गेले आणि पाचजणींचा दिवस गेला. पण पैशाचे मी आज बोलत नाही.

भांडी आवरून मी आणि माझी धाकटी जाऊ साडेअकराला घरी निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. बांधाच्या वळणावर बॅटरी टाकली तर दोन डोळे चमकले. बिबट्या बसला होता, उठेना. आम्ही डोक्यावरची पातेली खाली घेतली आणि झाकणे बडवीत तिथेच उभ्या राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शेवटी तो उसात गेला. घरी आल्यावर जावेच्या दातखिळीच बसल्या. दुसऱ्या दिवशी दीरांनी सांगितले, "ही आता येणार नाही." मी त्यांच्याशी भांडले नाही. आपल्या तालुक्यांत बिबट्याने माणसे नेली आहेत, लेकरे नेली आहेत. हे इथे कोणाला सांगायला नको. पाहुणे हौसेने विचारतात, "बिबट्या दिसेल का हो?" मी त्यांना माणिकडोहच्या निवारा केंद्राचे नाव सांगते आणि गप्प बसते.

आणि आता निर्णयाची गोष्ट. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, दीडशे पानांची मागणी आली आहे. पहाटे गड चढायचा म्हणून ही माणसे आदल्या रात्री मुक्कामाला येणार, आणि त्यांना जेवण रात्री नऊला हवे आहे. साडेसदतीस हजारांचे काम आहे. इतके मोठे काम मंडळाकडे आजवर आलेले नाही. काही जणी म्हणतात, रात्रीच्या जेवणातच पैसा आहे, ते सोडले तर दुसरे कोणी घेईल. घेईल, हे खरे आहे.

माझे म्हणणे असे. निम्मे पैसे आधी घ्यावे, म्हणजे साठाचे बावीस झाले तरी आपण बुडणार नाही. पाने पाच वाजता वाढावी आणि दिवस मावळायच्या आत बायका घरी पोचाव्या. पाहुण्यांना रात्रीच जेवायचे असेल तर मासवडी, भाकरी, ठेचा बांधून द्यावा. मासवडी गारही चांगली लागते, रस्सा तेवढा त्यांनी गरम करून घ्यावा. हे मान्य नसेल तर गाडी त्यांनी द्यावी आणि ती प्रत्येकीच्या उंबऱ्यापर्यंत जावी. रस्त्याच्या फाट्यावर सोडलेली मला चालणार नाही. आम्हाला तो दिसला तो फाट्यापासून घरापर्यंतच्या वाटेतच. यातले काहीच होणार नसेल तर मी त्या कामाला नाही म्हणेन. माझ्याशिवाय ज्यांना करायचे असेल त्यांना माझी मोठी परात आणि दोन तवे खुशाल न्यावे, मी रागावणार नाही. पण जावेला मी पुन्हा त्या वाटेने नेणार नाही.

त्या मंडळींना आठ दिवसांत कळवायचे आहे. तेव्हा हळदीकुंकू झाल्यावर लगेच घरी न जाता चिटणीसबाईंकडे आपापले मत सांगावे. दुपारच्या कामाला येणाऱ्यांनी नावेही द्यावी. दीडशे पानांना निदान बाराजणी लागतील, त्यात भाकरीला सहा. ज्यांच्या घरी मोठा खलबत्ता आहे त्यांनी तोही सांगावा. सारण यंत्रात फिरवले की त्याचे पीठ होते.