पैसा संस्थेचा, लेखणी विद्यार्थ्यांची



अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाची दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. त्यांतले सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. पोटासाठी नोकरी करून शिकणारी कितीतरी मुले अशा ठिकाणी आपले वृत्तपत्र चालवितात. संपादकाचा हात बसतो न बसतो तोच त्याची दोन वर्षे सरतात. अधिकारी मात्र खुर्चीत कायम असतो आणि छपाईचा पैसाही बहुधा संस्थेचाच असतो. मग बातमी कोणाच्या मर्जीने छापावयाची?

हा प्रश्न त्याच राज्यात धसास लागला. २००० साली गव्हर्नर्स स्टेट विद्यापीठाच्या एका अधिष्ठात्यांनी थेट मुद्रकालाच बजावले, ‘आम्ही तपासल्यावाचून अंक छापू नका!’ विद्यार्थी न्यायालयात गेले आणि २००५ साली हरले. शालेय वृत्तपत्रांविषयीच्या १९८८ च्या हेझलवूड निकालाचा दंडक अपील न्यायालयाने महाविद्यालयांनाही लावला.

परंतु न्यायालयात हरलेला पक्ष लोकमतात हरतोच असे नाही! १ जानेवारी २००८ पासून इलिनॉयात नवा कायदा अमलात आला. सार्वजनिक महाविद्यालयांतील, कम्युनिटी कॉलेजांतीलही, विद्यार्थी-पत्रांवरची पूर्वतपासणी त्याने निषिद्ध ठरविली. त्या विद्यार्थ्यांनी पदव्या केव्हाच घेतल्या असतील. त्यांच्या झगड्याचे फळ मात्र मागून येणाऱ्यांना लाभले.

मित्रहो, शाईचे मोल देणारा मजकुराचा धनी होत नाही. मात्र लेखणी मोकळी हवी असेल, तर बातमी पारखून घेण्याचे ओझेही आपल्याच खांद्यावर घ्यावे लागेल.