राख कोणीं काढावी ?

अग्नीची थोरवी सर्व देशांतील लोकांनीं गाइली आहे. परंतु अग्नि शांत झाल्यावर मागें जें उरतें त्याचा विचार ज्याच्या हातीं केरसुणी असेल त्यानेंच करावा, असा जगाचा रिवाज दिसतो. आज ज्या विषयाकडे श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे तो या दृष्टीनें अगदींच सामान्य आहे. घरांतील शेगडीची व चुलीची राख बाहेर काढणारीं साधनें व यंत्रें, हा तो विषय होय. आगगाडीचा इतिहास मुलांना शाळेंत शिकवितात; राखेच्या डब्याचा इतिहास कोणी शिकवीत नाहीं. तथापि तो पाहिला असतां त्यांत माणसाच्या बुद्धीबरोबर त्याचा स्वभावहि दिसून येतो.

आपल्याकडील जुन्या घरांत राख ही अडचण आहे असें सहसा कोणास वाटलें नाहीं. चांगलें वाळलेलें लाकूड जाळलें तर त्याच्या वजनाच्या शेंकडा एक भागाच्या आसपासच राख उरते. जी उरे तिलाहि काम असे. भांडीं घांसावयास राख लागे. कडधान्याला कीड लागूं नये म्हणून राख चोळीत. आणि त्यांतूनहि उरलेली राख उकिरड्यावरून शेतांत जाई. शेगडीला जाळी असे आणि बंबालाहि जाळी असे. निखारा वर राही व राख खालीं पडे. राख काढण्याच्या सर्व यंत्रांचें मूळ या साध्या जाळींतच आहे.

इंग्लंडांत मात्र हा प्रश्न मोठा झाला, याचें कारण दगडी कोळसा. चांगल्या प्रतीच्या घरगुती कोळशांतहि शेंकडा पांचच्या आसपास राख असते. म्हणजे एक टन कोळसा जाळला कीं सुमारें पन्नास किलो राख हातीं येणार. अर्धवट जळलेले खडे निराळेच. शिवाय तेथें घरांत एकच चूल नसे. स्वयंपाकघर, भोजनगृह, दिवाणखाना, निजावयाच्या खोल्या, अशा प्रत्येक ठिकाणीं भिंतींत उघडी शेगडी बसविलेली असे, आणि हिवाळ्यांत ती रोज पेटवावी लागे. ती रोज पेटवावयाची म्हणजे तींतील कालची राख रोज काढावयाची, हें ओघानेंच आलें.

हें काम कोण करीत असे ? बीटनबाईंचा गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ १८६१ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत घरकामाच्या मोलकरणीची दिनचर्या तपशीलवार दिली आहे. घरांतील मंडळी उठण्यापूर्वीं तिनें खोलीच्या खिडक्या उघडाव्या, शेगडीपुढें जाजम खराब होऊं नये म्हणून कापड पसरावें, राख काढावी, लोखंड काळ्या शिशाच्या पुडीनें घांसून चकचकीत करावें, आणि नवीन विस्तव घालावा. तिच्या हातीं एक बादली देत. त्या बादलींत तारेची चाळण असे व वर घट्ट झाकण असे. राख चाळून खालीं पडे आणि अर्धवट जळलेले खडे चाळणींत राहत. ते पुन्हां जाळण्याच्या कामीं येत. घरगुती राखेचें पहिलें खरें यंत्र म्हणावयाचें तर ही झांकलेली चाळण होय. पुढें तिला पिंपाचा आकार आला व बाजूस हात फिरविण्याचा दांडा आला. दांडा फिरविला कीं आंतल्या आंत राख चाळली जाई आणि धूळ तोंडावर उडत नसे. कल्पना लहान, परंतु जिच्या नाकांत रोज पहाटे ती धूळ जात होती तिच्या दृष्टीनें तिची किंमत मोठी होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शेगडी सुधारण्याकडे मोठमोठ्या बुद्धिमान पुरुषांचें लक्ष पूर्वींच गेलें होतें. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानें १७९६ च्या सुमारास शेगडीचा खोलपणा कमी केला, तिच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुरांड्याचा गळा अरुंद केला. त्यामुळें उष्णता खोलींत अधिक येऊं लागली व धूर वर नीट जाऊं लागला. धूर घरधन्याच्या डोळ्यांत जातो आणि थंडी त्याच्या अंगाला झोंबते. म्हणून त्या दोहोंचा विचार आधीं झाला. राख दुसऱ्याच्या अंगावर उडत होती, म्हणून तिचा विचार मागाहून झाला.

अमेरिकेंत त्याला निराळें वळण मिळालें. तेथें पुष्कळ घरांतून दगडी कोळशाचा कठीण प्रकार बंद शेगड्यांमध्यें जाळीत. अशा शेगडीच्या जाळीचे गज फिरते केलेले असत. बाहेरून दांडा हलविला कीं गज हालत आणि राख खालच्या पेटींत पडे. दार उघडून आंत सळई खुपसण्याचें कारण राहत नसे. उघड्या शेगडीच्या तळाशीं लोखंडी झडप बसविण्याचीहि पद्धत पडली. झडप दाबली कीं राख धुरांड्याच्या पायांत बांधलेल्या कोठींत उतरे. ही कोठी तळघरांतील किंवा बाहेरच्या भिंतींतील लोखंडी दारानें केव्हां तरी सवडीनें रिकामी करीत. यांत गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरी कोणतीच शक्ति लागत नाहीं.

इंग्लंडांतहि पुढें असाच विचार झाला. लँकशायर परगण्यांतील चॉर्ले येथें १८६६ पासून चालत आलेल्या बॅक्सेन्डेल यांच्या कारखान्यानें १९३५ सालीं ‘बॅक्सी’ या नांवाची शेगडी काढली. हिचें रहस्य जमिनीखालीं होतें. जाळीच्या खालीं जमिनींत खोल खड्डा करून त्यांत राखेची मोठी पेटी ठेवलेली असे, आणि जळण्यास लागणारी हवा जमिनीखालच्या नळांतून जाळीच्या तळाशीं येई. हवा खालून मिळाल्यानें कोळसा चांगला जळे. आणि पेटी मोठी असल्यानें राख रोज न काढतां कांहीं दिवसांनीं एकदां काढली तरी चाले. रोजचें काम आठवड्यावर गेलें, ही गोष्ट ज्या घरांत मोलकरीण नाहीं आणि गृहिणीसच सर्व करावें लागतें त्या घरांत थोडी नव्हती.

त्याच सुमारास गाजलेली दुसरी चूल म्हणजे स्वीडनमधील ‘आगा’ ही होय. गुस्ताफ डालेन यांस १९१२ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं एका स्फोटांत त्यांची दृष्टि गेली. घरीं राहण्याचा प्रसंग आल्यावर आपल्या पत्नीस चुलीपाशीं किती खपावें लागतें हें त्यांच्या लक्षांत आलें, असें सांगतात. १९२२ सालीं त्यांनीं काढलेली ही जाड, उष्णता धरून ठेवणारी चूल थोडा कोळसा खाई व रात्रंदिवस तापलेली राही. तरी ज्यांच्या घरीं कोळशाची आगा होती, त्यांची सुटका पूर्ण झाली नाहीं. कोळसा घालण्याच्या वेळीं जाळी हलवून राख पाडणें व ती बाहेर नेणें चुकलें नव्हतें. पुढें कोळसा आपोआप पुढें सरकविणाऱ्या भट्ट्या निघाल्या. आणि आज ऑस्ट्रिया, जर्मनी या देशांत लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या भट्ट्यांमध्यें फिरता मळसूत्री दांडा राख स्वतःच ओढून चाकांच्या पेटींत भरतो. तथापि ती पेटीहि कोणास तरी ओढत न्यावीच लागते.

पेटी घराबाहेर गेली, पुढें काय ? या प्रश्नाचें उत्तर लंडन शहरानें मोठ्या चमत्कारिक रीतीनें दिलें होतें. इंग्रजी भाषेंत कचऱ्याच्या डब्याला धुळीचा डबा म्हणतात. ती धूळ म्हणजे मुख्यतः कोळशाची राख होय. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही राख उचलण्याचा मक्ता घेण्यासाठीं मक्तेदार उलट पैसे देत. कारण विटांच्या कारखानदारांना ती हवी असे. बारीक राख चिकणमातींत मिसळीत आणि न जळलेले खडे विटा भाजण्यासाठीं वापरीत. लंडनच्या घरांतील राख अशा रीतीनें लंडनच्याच भिंतींत जाऊन बसे. राखेच्या ढिगांवरून मनुष्य श्रीमंत होतो, ही कल्पना घेऊन चार्ल्स डिकन्स यांनीं १८६४-६५ मध्यें एक कादंबरीहि लिहिली.

परंतु या व्यापाराची दुसरी बाजू हेन्री मेह्यू यांनीं १८५१ च्या सुमारास लंडनच्या श्रमिकांविषयीं लिहितांना नोंदविली आहे. राखेचे ढीग असलेल्या आवारांत स्त्रिया कमरेइतक्या राखेंत उभ्या राहून लोखंडी चाळणींनीं ती चाळीत असत. घरांतील मोलकरणीच्या बादलीवर झाकण आलें. ढिगावरील बाईच्या चाळणीवर झाकण आलें नाहीं. घरांत धूळ उडेनाशी झाली. ती गांवाच्या कडेला उडूं लागली.

ही राख अखेर नाहींशी झाली ती राखेच्या भयानें नव्हे, तर धुराच्या भयानें. १९५२ सालीं डिसेंबरच्या ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडनवर काळें धुकें बसलें. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें सुमारें चार हजार माणसें दगावलीं. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. त्यानंतर १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला, १९६५ मध्यें उत्तर समुद्रांत वायूचा सांठा सांपडला, आणि घरोघरच्या शेगड्या विझल्या.

तथापि लाकडाची शेगडी हौसेनें वा गरजेनें पेटविणारीं घरें आजहि आहेत, व त्यांच्यासाठीं राख ओढून घेणारें विजेचें यंत्र मिळतें. त्याची टाकी पत्र्याची, नळी धातूची आणि गाळणी अतिशय बारीक छिद्रांची असते. केर ओढण्याच्या नेहमींच्या यंत्रानें राख काढूं नये. बारीक राख त्याच्या गाळणींतून निसटून खोलींत पसरते, आणि एखादा निखारा आंत गेला तर पिशवीच पेटते. खास यंत्र असलें तरी राख थंड होऊं द्यावी हें उत्तम. वरून पांढरी व निवलेली दिसणारी राख पोटांत विस्तव कित्येक तास, कधीं कधीं दोन-तीन दिवसहि, जिवंत ठेवते. म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत घालून घराबाहेर, लाकूडसामानापासून दूर ठेवावी. निखाऱ्यांचा डबा बंद खोलींत ठेवणें तर प्राणावर बेतणारें आहे. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंगहि नसतो आणि वासहि नसतो. लाकडाची राख शेताला चालते. दगडी कोळशाची राख भाजीच्या वाफ्यांत घालूं नये. राखेंत क्षार असल्यामुळें ॲल्युमिनिअमचीं भांडीं मात्र तिनें घांसूं नयेत.

आपल्या शहरांतील पुष्कळ श्रोत्यांना वाटेल कीं, आमच्या घरीं गॅस आहे, वीज आहे. आमचा राखेशीं संबंध काय? संबंध आहे. आपल्या विजेचा मोठा भाग दगडी कोळशावर निघतो, आणि आपल्या वीजकेंद्रांतील कोळशांत शेंकडा तीस-चाळीस भाग राख असते. कोराडीला किंवा चंद्रपूरला भट्टी पेटते तेव्हां आपल्या घरांतील दिवा लागतो. त्याची राख आपल्या अंगणांत पडत नाहीं, एवढाच फरक. ती काढणारीं यंत्रें प्रचंड आहेत. धुरांतील बारीक राख विजेच्या आकर्षणानें पकडतात आणि राख पाण्यांत कालवून नळांनीं तळ्यांत नेऊन सोडतात. तें तळें वाळलें कीं वारा राख उचलतो, आणि जवळच्या गांवांतील बाईला वाळत घातलेलें धुणें पुन्हां धुवावें लागतें. भारत सरकारनें १९९९ सालीं अधिसूचना काढून ही राख विटा व सिमेंट यांच्या कामीं लावण्याचा आग्रह धरला. म्हणजे लंडनच्या विटवाल्यांना जें दीडशें वर्षांपूर्वीं ठाऊक होतें, तें येथें कायद्यानें सांगावें लागलें.

सारांश, जाळी, चाळण, झडप, पेटी, मळसूत्र व विजेची नळी या सर्वांनीं माणसाचे कष्ट हलके केले, यांत शंका नाहीं. परंतु कोणत्याहि यंत्राची पारख करतांना एक प्रश्न अवश्य विचारावा: यानें राख संपविली, कीं नुसती एका हातांतून दुसऱ्या हातांत दिली ? जी राख वीट होऊन भिंतींत बसली किंवा खत होऊन मातींत मिसळली, तीच खरी निघाली. बाकीची राख कोणाच्या तरी दारापाशीं पडलेली आहे. आणि ती ज्याच्या विस्तवाची, त्याचीच ती उचलण्याची जबाबदारी आहे.